पाचव्या फोटोतला ककणेर

चि. अनया आणि चि. निखिल,

आपल्या घरचा जुना अल्बम टपालाने तुमच्याकडे पाठवते आहे. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा निखिलने त्यातला एक फोटो काढून मला दाखवला आणि विचारले, "आजी, हा बिघडलाय. टाकून देऊ?" मी तो त्याच्या हातातून घेऊन परत जागेवर लावला. समजावून काही सांगितले नाही, कारण मी फणस चिरत होते आणि हाताला तेल होते. आता अल्बम तुमच्या घरी राहणार. तो फोटो असाच, कागदाशिवाय गेला तर एखाद्या दिवशी कोणीतरी आवराआवर करताना टाकून देईल. म्हणून हे लिहिते. १९६१ सालची माझी वही समोर आहे. आठवणीवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, वहीवर ठेवते. वहीनेही एकदा मला चकवले, ते पुढे येईलच.

फोटोत काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ एका दगडाशी बसले आहेत, आणि त्यांच्या छातीत एक मोठा पक्षी आहे. पक्ष्याच्या पांढऱ्या पोटातून कोटाची बटणे दिसतात. ते गृहस्थ म्हणजे तुमच्या आजोबांचे वडील. मी त्यांना मामंजी म्हणत असे.

मामंजी जमीनमोजणीच्या खात्यात होते. उभा जन्म साखळी घेऊन डोंगर तुडवण्यात गेला. तरुणपणी घाटाच्या पायथ्याशी भेरलेवाडी नावाच्या गावाची मोजणी करताना त्यांनी तिथल्या देवराईत ककणेर पाहिला होता. पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात, तोच. घारीहून मोठा, काळा, पोट पांढरे, पिवळी चोच आणि त्या चोचीवर आणखी एक चोच उपडी ठेवावी तसे शिंग. नंतर त्यांनी कॅमेरा घेतला, पण भेरलेवाडीला परत जाणे झाले नाही. दर वर्षी म्हणायचे, "एक फोटो काढूचो रवलो."

१९६१ साली मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेलीही हळूहळू जाणार होती. मामंजींना कडेचे काही दिसत नसे, फक्त समोरचा एक गोल दिसे. पौषात ते म्हणाले होते, ताटाएवढा दिसतो. चैत्रात म्हणाले, वाटीएवढा. वैशाख लागला तसे त्यांनी मोजणीच्या वेळची लाकडी तिपाई माळ्यावरून काढून पुसायला घेतली. कुठे जायचे ते आम्हाला कळले.

तुमच्या आजोबांना रजा नव्हती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा गो त्यांच्यावांगडा. मेल्या पाखरासाठी ताजी मासळी सोडून डोंगरात जाणारो माणूस मी दुसरो बगूक नाय."

भेरलेवाडी, पहिला दिवस

मालवणहून सावंतवाडीपर्यंतच्या एसटीबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की धूळ खूप होती. ओरोसला आज कचेऱ्या आणि क्वार्टर्स आहेत, तिथे तेव्हा नुसता उन्हातला माळ होता. सावंतवाडीत एका ओळखीच्या घरी रात्र काढून सकाळी दुसऱ्या गाडीने निघालो आणि शेवटचे दोन कोस चाललो.

समुद्राकाठच्या माणसाला डोंगर दुरूनच माहीत असतो. आमच्या गच्चीवरून सह्याद्री म्हणजे ढगासारखी एक निळी रेघ. त्या दिवशी त्या रेघेच्या आत शिरताना मला सारखे वाटत होते, की आता हे निळे हाताला लागेल. ते लागले नाही. जवळ गेल्यावर ते हिरवे झाले, मग काळपट झाले, आणि निळेपण आणखी एका डोंगरापलीकडे सरकले. वाटेवर पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास होता. समुद्राची गाज नाही, माडांची सळसळ नाही. आवाज थांबला, की तो खरोखरच थांबायचा.

गणू गुरवांच्या अंगणात पोचलो तेव्हा ते सुपारी कातरत होते. देवळाची पूजा त्यांच्याकडे होती. वय मामंजींएवढेच. मामंजींनी विचारले, "गुरवांनू, माका वळाकलास?"

गुरवांनी अडकित्ता खाली ठेवला. "साकळी घेवन आमच्या भातशेतीतून चलणारो माणूस इसरूक येता? येवा. तेव्हा केस काळे होते."

"तुमचे खंय पांढरे आसत? आसतच नाय," मामंजी म्हणाले. गुरव डोक्यावरून हात फिरवत हसले.

त्यांची बायको भागीरथीकाकी. तिने आम्हाला पितळेच्या तांब्यातून पाणी दिले आणि गुळाचा खडा. दुपारी उकड्या तांदळाचा भात, ओल्या काजूची उसळ, आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. तो बांगडा तिने माझ्या पानात वाढला तेव्हा मला हसू आले. आमच्या दारात जो आम्ही ताजा नसला तर परत पाठवतो, तो इथे पाहुण्यासाठी जपून ठेवलेला होता. मी तो शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला. पेजेच्या वेळा, पायरीवर पाय धुणे, सगळे आमच्यासारखेच. फरक एक दिसला. इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याकडे वाऱ्यावरून बोलावे लागते, म्हणून आम्ही सगळे ओरडतो.

जेवताना ककणेराचा विषय निघाला. गुरव म्हणाले, जोडपे आहे. राईतल्या मोठ्या झाडाच्या ढोलीत मादी बसली आहे. ढोलीचे तोंड तिने आतून लिंपून घेतले आहे, बोटभर फट ठेवली आहे, आणि नर त्या फटीतून तिला भरवतो.

"दोन म्हयने भरवता," भागीरथीकाकी मला म्हणाली, पण रोख दुसरीकडे होता. "आमच्या घरात धा बाळंतपणा झाली. पेजेची एक वाटी कोणी हातात दिली नाय."

गुरव शांतपणे म्हणाले, "तू तोंड लिंपून घेतलंस असता, तर दिली असती."

दुसरा दिवस

देवराईला तिथे नुसते राय म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. बाहेर लख्ख ऊन आणि लाल माती, आणि पाच पावलांवर संध्याकाळ. कडेवरूनच आत जाड वेली खांबांसारख्या उभ्या दिसत होत्या आणि कुठेतरी पाणी ठिबकत होते. राईतली काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नाही. आत जायचे तर देवाला विचारावे लागते.

विचारायची रीत तुम्हाला माहीत नसेल. देवाच्या पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात. गुरव गाऱ्हाणे घालतात, म्हणजे काय हवे ते देवाला मोठ्याने सांगतात, आणि मग सगळे वाट पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात.

देवळाच्या पायरीशी गुरवांनी आमच्याकडे एकवार पाहिले. "चपला हयच ठेवा. चामडा राईत चलाचा नाय." आम्ही चपला काढल्या. मामंजींनी कमरेचा पट्टा काढला. कॅमेऱ्याची पेटी चामड्याची होती, तीही काढून ठेवली. कॅमेरा मी हातात धरला. गुरव निर्धास्तपणे आत वळले.

आता तो कॅमेरा कसा होता ते सांगते. घडीचा होता. झाकण उघडले की भिंग पुढे सरके आणि मागे लोहाराच्या भात्यासारख्या काळ्या चुण्या उलगडत. तो भाता चामड्याचा होता. हे मला ठाऊक होते, कारण दर पावसाळ्यात त्याला बुरशी लागू नये म्हणून मीच तो कापडाने पुसत असे. गुरवांना ठाऊक नव्हते. मी गप्प राहिले. मला वाटले, या माणसाकडे वाटीएवढी नजर उरली आहे आणि पुढच्या वैशाखात तीही नसेल. देवाने एवढे समजून घ्यावे.

"गुरवांनू, थांबा," मामंजी म्हणाले. "भातोय चामड्याचो आसा. बंद केलो म्हणजे दिसना नाय, इतक्याच."

मला त्यांचा राग आला. वहीत मी त्या दिवशी एकच शब्द लिहिला आहे, 'विनाकारण'. तो खोडलेला नाही.

गुरवांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मिया हो म्हणूक शकणय नाय, नाय म्हणूक शकणय नाय. तेकाच इचारूया." त्यांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. हे मोजणीदार, ह्यांनी या गावची जमीन खरी मोजली, कोणाच्या बांधाची वीत इकडे-तिकडे केली नाही, ह्यांची नजर चालली आहे, ह्यांना राईतल्या पाखराचा फोटो हवा आहे, पण यंत्राच्या पोटात चामडे आहे, तर काय ते सांग महाराजा. मामंजी डोळे मिटून बसले होते. पाषाणावर समईचा उजेड हलत होता. उजवी पाकळी कोपऱ्यातून सुटल्यासारखी वाटली आणि तशीच राहिली. मग डावी पडली.

"डावो," गुरव हळू म्हणाले. त्यांनाच वाईट वाटले होते.

"बरो," मामंजी म्हणाले, उठले आणि पट्टा बांधू लागले.

आम्ही राईच्या बाहेर एका बांधावर बसलो. कॅमेरा ठेवून अनवाणी आत जाता आले असते, गुरव तसे म्हणालेही. पण आतल्या अंधारात मामंजींना काहीच दिसले नसते. उजेडातच ती वाटी भरायची. थोड्या वेळाने वरून एक आवाज आला. कोणीतरी मोठे सूप संथपणे पाखडत आभाळातून चालले आहे, असा. मला फक्त पानांवरून सरकणारी एक सावली दिसली. मामंजींनी मान वरसुद्धा केली नाही.

"नर," ते म्हणाले. "पोट भरून इलो. पंख जड आसत." आणि हसले. मग राईतून मादीचा बारीक कुरकुरीचा आवाज आला आणि थांबला. आम्ही तिथे ऊन कलेपर्यंत बसलो. इतका वेळ काहीही न करता मी आयुष्यात पहिल्यांदाच बसले असेन. डोळ्यांपुढे हिरवे तरंगत होते. मला मध्येच वाटे की आपण समुद्राच्या तळाशी आहोत आणि वरून होड्या जात आहेत.

संध्याकाळी भागीरथीकाकी परसात आमसुले उलटत होती. तिला सगळे कळले होते. ती म्हणाली, "पाखरू ऱ्हवता राईत, पण जेवता खंय? कडेच्या उंबरार. सकाळी उन्ह इला की येता."

गुरव ओट्यावरून म्हणाले, "उंबर राईचोच."

"नाय," मामंजी म्हणाले. "उंबर भायर. राईची हद्द मीच मोजलंय. उंबराच्या पलीकडे दगड आसा, तेच्यार फुली आसा."

"तीस वर्सा झाली मोजणीदारांनू. दगड कोणी बगूक नाय."

"दगड चलत नाय," मामंजी म्हणाले.

तिसरा दिवस

सकाळी चौघे उंबराशी गेलो. झाड जुने, बुंध्याला फळांचे लाल घोस, आणि एक आडवी फांदी उन्हात आलेली. खाली ढोपरभर पाचोळा. दगड कुठे दिसेना. गुरव काठीने चाळवत होते, मी पायाने. मामंजी बांधाच्या टोकाला गेले, डोंगराच्या एका सुळक्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि पावले मोजत चालू लागले. ओठ हलत होते. एका जागी थांबले, खाली बसले आणि दोन्ही हात पाचोळ्यात घातले. मला वाटते, त्यांनी डोळे मिटलेलेच होते. मग त्यांनी माझा हात धरून आत नेला. थंड, खरबरीत दगड, आणि त्याच्या माथ्यावर बोटाने कळेल अशी फुली.

दगडाच्या त्या बाजूला राय, या बाजूला आम्ही आणि उंबर.

गुरवांनी वाकून फुलीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "देवान आत येव नको म्हटला. भायर उभ्या रवा नको, असा काय म्हणाक नाय." आणि त्यांनी स्वतः पाचोळा बाजूला सारून तिपाईला जागा करून दिली.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. तिपाई लावणे, अंतर ठरवणे आणि रोल फिरवणे मामंजींचे. त्यांनी पावलांनी अंतर मोजले आणि सांगितले, फांदी आणि दगड दोन्ही वीस फुटांवर. नेम धरणे आणि खटका दाबणे माझे, कारण बारीक काचेतून त्यांना आता दिसत नसे. प्रत्येक फोटोनंतर ते रोल पुढे सरकवणारी घुंडी फिरवत, मागच्या लाल खिडकीशी डोळा नेऊन पुढच्या फोटोचा आकडा सांगत, आणि मी तो वहीत लिहीत असे. ती घुंडी मी कधी हातात घेतली नव्हती. कॅमेरा त्यांचा होता. मी भाता पुसत असे, घुंडी फिरवत नसे. रोलमध्ये आठच फोटो. चार आधीच झाले होते.

पक्षी येईना, तेव्हा भागीरथीकाकी म्हणाली, "तवसर मोजणीदारांचो काढ मगे. दगड गावलो तेचो."

मामंजी कोटाची बटणे लावून दगडाशी जाऊन बसले. मी खटका दाबला आणि वहीत लिहिले : पाच, मामंजी. ते अजून बसलेलेच होते तेव्हा वरून सूप पाखडल्याचा तो आवाज आला. गुरवांनी हात वर केला. मामंजी बसल्या जागेवरून सरकत सरकत माझ्यापाशी आले. मी कॅमेरा जरा वर केला.

ककणेर आडव्या फांदीवर उतरला. ऊन त्याच्या जुन्या हस्तिदंतासारख्या चोचीतून आरपार जात होते. त्याने एक उंबर चोचीच्या टोकात धरले, वर उडवले आणि गळ्यात झेलले. मग दुसरे. इतक्या मोठ्या चोचीने तो इतक्या हळुवारपणे ती फळे खुडत होता, की मी दाबायचे विसरून बघत राहिले. मामंजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळून पाहिले. ते थेट त्या फांदीकडे बघत होते, मान अजिबात न हलवता.

"मावलो," ते म्हणाले. "सबंध मावलो." पक्षी त्यांच्या वाटीत मावला होता.

ककणेराने पंख अर्धे उघडले आणि मी खटका दाबला. पुढच्या क्षणी फांदी रिकामी हलत होती.

मामंजींनी घुंडी फिरवली, खिडकीशी डोळा नेला आणि म्हणाले, "सहा."

माझ्या वहीत पाच मामंजी, सहा ककणेर असे लिहून झाले होते. आता लागायला हवा होता सात. मी त्यांच्याकडे पाहिले. मला वाटले, दिसले नाही बिचाऱ्यांना. सहा आणि सात, लाल काचेतून, या डोळ्यांनी. आजच्या दिवशी कशाला चूक दाखवायची. मी "बरं" म्हटले आणि वहीत सात लिहिले. नंतर नर पुन्हा आला तो पानांच्या दाटीत. आम्ही आणखी दोन फोटो घेतले आणि वहीप्रमाणे रोल संपला, तेव्हा मामंजी "आठ" म्हणत होते. त्याकडेही मी लक्ष दिले नाही.

मालवण, पंधरा दिवसांनी

रोल धुऊन आला. स्टुडिओवाल्याने फोटो सात दिले आणि म्हणाला, आठवा कोराच होता. "आणि हा एक वाया गेला, बाई. एकावर एक आलेत."

बाजारातून घरी येईपर्यंत मला सगळे कळले होते. मी मामंजींचा फोटो काढला तेव्हा ते दगडाशी बसले होते, कॅमेऱ्यापाशी नव्हते. त्यांना वाटले, सून तिथेच उभी आहे, ती फिरवील. मला वाटले, घुंडी त्यांची आहे, ते फिरवतील. कोणीच फिरवली नाही, आणि फिल्मच्या एकाच तुकड्यावर आधी ते आणि मग ककणेर उमटले. सहा बरोबर होते. खिडकीत सहाच होता आणि त्यांनी तो वाचला होता.

मामंजी पडवीत बसले होते. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून डावीकडून उजवीकडे तुकड्यातुकड्याने पाहिला. मी सांगितले, "तुम्ही सहा म्हणालात तेव्हा माझ्या वहीत सात होते. मी बोलले नाही."

"कित्या?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"माका दिसूक नाय, असा वाटला तुका."

"हो."

"सहाच होतो," ते म्हणाले. "लख्ख दिसलो माका." मग फोटो मांडीवर ठेवून, "तुका माझ्या डोळ्यांपरास तुझ्या वहीचो भरवसो जास्ती. शिकलेली ना तू."

सासूबाई आतून आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. "ह्या काय? पाखरू तुमच्या पोटात?"

"व्हय," मामंजी म्हणाले. "देवान राईत येवक दिला नाय. मगे पाखरूच हय येवन बसला." त्यांनी तो फोटो कोणाला देऊ दिला नाही. पंचांगात ठेवला. त्या दिवसापासून कोणताही आकडा असो, दुधाचा, तारखेचा, घड्याळाचा, मी त्यांना विचारू लागले आणि ते जे म्हणतील ते लिहू लागले. चुकले तर तोंडावर सांगू लागले. त्यांना ते आवडत असे. त्यानंतर दीड वर्ष त्यांना थोडेफार दिसत होते.

आता काय उरले आहे ते लिहून संपवते. कॅमेऱ्याचा भाता झुरळांनी खाल्ला, बाकीचा कॅमेरा ट्रंकेत आहे. उंबर रस्त्यासाठी तोडला. गणू गुरव आणि भागीरथीकाकी नाहीत, पूजा त्यांचा नातू करतो. ढोलीचे झाड एका पावसाळ्यात आपोआप पडले आणि राईच्या नियमाप्रमाणे पडले तिथेच कुजले. फुलीचा दगड जागेवर आहे. त्याच्या पलीकडे राय आहे, तेवढीच, आणि अजून तिथे कोणी चामडे नेत नाही. ककणेर राईतल्या दुसऱ्या एका झाडात घर करतात. या वर्षीही केले आहे.

तुमची,
आजी